वेताळाच्या चपला

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर धाकट्या चुलतभावाने एक रील टाकली : 'फॅण्टमबद्दल तुम्हाला माहीत नसलेल्या दहा गोष्टी'. एका मिनिटाची रील, मागे ढणढण म्युझिक, वर पिवळी अक्षरं. खाली त्याने लिहिलं होतं, 'दादा, तुझ्या ट्रंकेतला हिरो.'

मी ती तीन-चार वेळा पाहिली. सुपरमॅनच्या आधी फॅण्टम आला, त्याचा पोशाख मुळात राखाडी असणार होता, त्याच्याकडे कोणतीही दैवी शक्ती नाही, वगैरे वगैरे. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेतो. पण या रीलमध्ये फारशी चूक सापडली नाही. तरी काहीतरी खटकत राहिलं. एवढी माहिती ऐकूनही हा माणूस नेमका कोण आहे आणि तो आपल्याला का आवडला, हे काही कळत नव्हतं. सुट्या फॅक्ट्स गोट्यांसारख्या गडगडत जातात. त्याच गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या तर त्यातून एक प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न मला शाळेतल्या एका मित्राने चौथीत असताना विचारला होता, आणि मी त्याला खोटं उत्तर दिलं होतं.

ट्रंक

माझं गाव महागाव, जिल्हा यवतमाळ. नागपूर-तुळजापूर हायवेवर आर्णी सोडलं की उमरखेडच्या आधी लागतं. कापूस, सोयाबीन, तूर आणि उन्हाळ्यात लोडशेडिंग. आमच्या घराच्या माळ्यावर काकांची लोखंडी ट्रंक होती. काका सत्तरच्या दशकात पुसदला शिकायला होते आणि चहाचे पैसे वाचवून इंद्रजाल कॉमिक्स विकत घ्यायचे. मी तिसरीत असताना एका मे महिन्यात ती ट्रंक उघडली. काही अंक वाळवीने खाल्ले होते, काहींची मुखपृष्ठं गेली होती, एका अंकाचा शेवटच नव्हता. पण उरलेल्यात घट्ट जांभळे कपडे घातलेला, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला, पांढऱ्या घोड्यावर बसलेला एक माणूस होता, आणि त्याचं नाव होतं वेताळ.

इंद्रजाल न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : 'टाइम्स ऑफ इंडिया'ची मालक असलेल्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ही मालिका सुरू केली. पहिला अंक फॅण्टमच्या पट्ट्याच्या गोष्टीचा होता. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतून ती निघायची. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेच्या वर अंक निघाले. त्यात जादूगार मँड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता, पण राज्य होतं ते फॅण्टमचं, म्हणजे मराठीत वेताळाचं.

अफवा हीच शक्ती

आता त्या रीलमधल्या गोष्टी जरा जोडून पाहू.

ली फॉक या अमेरिकन लेखकाने फॅण्टम सुरू केला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत. फॉक तेव्हा २४ वर्षांचा होता. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. अंगाला चिकटून बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा, हा पुढे सगळ्या सुपरहिरोंचा गणवेश झाला, तो इथून सुरू होतो. बुबुळं न काढण्याची कल्पना फॉकला जुन्या ग्रीक पुतळ्यांवरून सुचली होती. त्या पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं नसतात, त्यामुळे ते माणसांपेक्षा वेगळे, थोडे भीतिदायक वाटतात.

रंगाची गोष्ट तर फारच गमतीची आहे. फॉकच्या डोक्यात पोशाख राखाडी होता. पात्राचं नाव 'ग्रे घोस्ट' ठेवावं असंही त्याच्या मनात आलं होतं. रोजची पट्टी काळी-पांढरी असल्याने तीन वर्षं रंगाचा प्रश्नच आला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि छापणाऱ्यांनी पोशाख जांभळा केला. पुढे स्वीडनमध्ये तो निळा छापला गेला, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. म्हणजे जंगलात लपून राहणाऱ्या माणसाचा कपडा कुठेच जंगलात लपणारा नाही!

रीलमध्ये नसलेली एक गोष्ट मी भर घालतो. सुरुवातीला फॅण्टम जंगलातला नव्हताच. फॉकच्या मूळ बेतात तो शहरातला जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुण होता, जो रात्री मुखवटा घालतो. पहिली गोष्ट वर्तमानपत्रात चालू असतानाच फॉकने विचार बदलला आणि नायकाला उचलून जंगलात नेलं. आमच्या धंद्यात याला अर्ध्या प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट बदलणं म्हणतात, आणि त्याने सहसा वाटोळं होतं. इथे मात्र त्यामुळेच फॅण्टम घडला. श्रीमंत तरुण मुखवटा घालतो ही गोष्ट पुढे बॅटमॅनने सांगितली. फॉकच्या हाती त्याहून विलक्षण काहीतरी लागलं.

गोष्ट अशी : १५३६ साली समुद्रात चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. सगळे मेले, एकटा तरुण लाटांबरोबर किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बांडार नावाच्या बुटक्या लोकांनी त्याला वाचवलं. बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन त्याने शपथ घेतली की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध लढत राहू. तो मेल्यावर त्याच्या मुलाने तेच कपडे चढवले, मग त्याच्या मुलाने. आपण जो वाचतो तो २१वा. बाहेरच्या लोकांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं, तोच एक माणूस चारशे वर्षं जिवंत आहे.

म्हणजे फॅण्टमकडे शक्ती नाही असं रील सांगते, ते अर्धंच खरं आहे. तो उडत नाही, त्याला गोळी लागते, ताप येतो. पण त्याच्याकडे अफवा आहे. 'हा मरत नाही' ही अफवा त्याच्या आधी गावात पोचते आणि अर्धी लढाई तीच जिंकते. आमच्या भाषेत सांगायचं तर युजरनेम चारशे वर्षं तेच आहे, मागचा माणूस वीस वेळा बदललाय. शिवाय प्रत्येक फॅण्टम आपल्या कामाची रोजनिशी लिहितो, ती कवटीच्या गुहेत जपून ठेवलेली असते आणि पुढचा ती वाचून तयार होतो. इतका व्यवस्थित हँडओव्हर मी एकाही कंपनीत पाहिलेला नाही.

तीन वेताळ

१९६४ मध्ये हा माणूस मराठीत आला तेव्हा त्याला 'वेताळ' हे नाव मिळालं, आणि माझ्या मते भारतीय फॅण्टमच्या बाबतीत घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. इंग्रजीत फॅण्टम म्हणजे भास, असून नसलेली आकृती. मराठीत वेताळ म्हणजे भास नव्हे. वेताळ आपल्या ओळखीचा असतो.

मराठी वाचकाकडे तेव्हा आधीच दोन वेताळ होते. एक 'वेताळ पंचविशी'मधला : विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा, शेवटी कोडं घालणारा आणि राजा बोलला की झाडावर परत जाणारा. या गोष्टी अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहेत, आणि १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या 'चांदोबा'मुळे त्या घरोघरी पोचल्या होत्या. हा वेताळ भूत आहे, पण न्यायाची चाड असलेलं भूत आहे. त्याचं प्रत्येक कोडं 'यात दोषी कोण' किंवा 'यात श्रेष्ठ कोण' असंच असतं.

दुसरा वेताळ देव आहे. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, गोव्यात तो बेताळ आहे, कोकणात वेतोबा. भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. हा दुसरा वेताळ मी विदर्भात वाढल्यामुळे मला पुस्तकातूनच माहीत होता. पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसातली आम्ही चार मुलं गाडी घेऊन गोव्याला निघालो होतो. वाटेत एकाने वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याजवळ आरवलीला गाडी थांबवली. त्याच्या घरचं तिथल्या वेतोबावर श्रद्धास्थान. देवळात माणसाहून उंच मूर्ती, पुढे केळ्यांचे घड, आणि बाजूला चामड्याच्या चपला. साध्या मापाच्या नाहीत, चांगल्या हातभर लांबीच्या.

मी विचारलं, 'या कशाला?'

मित्र म्हणाला, 'देव रात्री गावावरनं फेरी मारतो ना. चालून चालून चपला झिजतात. मग लोक नव्या वाहतात.'

मी तिथे उभा राहून ट्रंकेतल्या त्या जांभळ्या माणसाचा विचार करत होतो. इंग्रजीत फॅण्टमचं बिरुद आहे चालणारं भूत. हिंदी अंकांमध्ये त्याला 'चलता-फिरता प्रेत' म्हणायचे. अमेरिकेतल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाने डोक्यातून काढलेलं चालणारं भूत, आणि इथे रोज रात्री खरोखर चालणारा, चपला झिजवणारा वेतोबा. फॉकला या देवाचा पत्ता असण्याचं कारण नाही. पण मराठीत आल्यावर त्या परक्या माणसाला एक जुनं घर मिळालं. तो रात्री येतो, वाईट माणसांना धडा शिकवतो, कधी मरत नाही, त्याचं ठाणं जंगलात आहे : यातलं काहीही मराठी मुलाला समजावून सांगावं लागलं नाही.

बंगालमध्ये याच माणसाला 'आनंदबाजार पत्रिके'त 'अरण्यदेव' असं नाव मिळालं. तिथेही तो देवच झाला. जे नाव त्याला अमेरिकेत कधी मिळालं नसतं, ते आपण त्याला दिलं. चांगल्या भाषांतराचं हेच काम असतं असं मी बरीच वर्षं मानत होतो.

पुसलेली नावं

पण त्याच नावाने एक गोष्ट झाकलीसुद्धा गेली.

फॉकच्या मूळ चित्रपट्टीत फॅण्टमच्या देशाचं नाव आधी 'बेंगाली' होतं. पुढे त्याचं 'बंगाला' झालं आणि तो देश आफ्रिकेत सरकला. बापाला मारणारे चाचे 'सिंग' होते. विसाव्या फॅण्टमला, म्हणजे आपल्या नायकाच्या वडिलांना, मारणाऱ्याचं नाव 'रामा'. आणि जंगलातल्या विश्वासू लोकांचं नाव 'बांडार'. हा शब्द कुठून आला ते ओळखायला आपल्याला वेळ लागत नाही. किपलिंगच्या 'जंगल बुक'चं ऋण फॉकने मान्य केलं होतं, आणि त्या पुस्तकात माकडांच्या टोळीला 'बंदर-लोग' म्हणतात. किपलिंगचं ते जंगल म्हणजे नागपूरहून जबलपूरकडे निघालं की लागणारं सिवनी. म्हणजे आमच्या शेजारच्या जंगलातला माकडांचा शब्द लंडन-न्यूयॉर्क फिरून परत आला तो माणसांचं नाव होऊन.

मुंबईत इंद्रजाल काढणाऱ्यांना हे सगळं दिसत होतंच. त्यांनी बेंगालीचं 'डेंकाली' केलं, सिंग चाच्यांचं 'सिंगा', रामाचं 'रामालू'. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचं होतं. शीख वाचक, बंगाली वाचक, रामाचं नाव घेणारा वाचक, कोणालाच टोचू नये. पण सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबलचं नाव बदललं तरी प्रोग्रॅम तोच चालतो. इथेही प्रोग्रॅम तोच राहिला : काळ्या-सावळ्या लोकांच्या जंगलात एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो, त्यांची भांडणं मिटवतो, त्यांच्यात शांतता ठेवतो. त्याला कोणी निवडून दिलेलं नाही. त्याचा अधिकार बापाकडून मुलाकडे जातो. आणि लोक राजीखुशी त्याचं ऐकतात, कारण त्यांना वाटतं हा मरत नाही. कारभारी गोरा आणि प्रजा भोळी, ही गोष्ट १९३६ च्या जगाला फार सोयीची होती. तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचं राज्य होतं.

चित्रपट्टीतली एक लकब मला आता सगळ्यात जास्त बोलकी वाटते. निवेदक मध्येच 'जंगलातली एक जुनी म्हण' म्हणून काहीतरी सांगतो : वेताळ किती चपळ, वेताळाचा आवाज किती भयंकर, वेताळ रागावला तर काय होतं. लहानपणी मला या म्हणी पाठ होत्या. आता वाचताना जाणवतं की या जंगलाला दुसऱ्या कशाबद्दलच म्हण नाही. पाऊस, पेरणी, सून, म्हातारपण, जनावरं, उधारी : काहीच नाही. माझी आजी दिवसभरात वीस म्हणी सहज वापरायची, त्यात एकही राजाबद्दलची नसायची. चारशे वर्षं एखादा समाज फक्त एका परक्या माणसाबद्दल म्हणी तयार करत बसेल का? त्या म्हणी जंगलाच्या नाहीतच. त्या त्याच्या जाहिराती आहेत.

मी काहून गुरन?

शाळेत असताना आम्ही वेताळ-वेताळ खेळायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मित्र. तो आंध समाजाचा, जवळच्या गावातून पायी शाळेत यायचा. माझ्याएवढंच त्याला कॉमिक्सचं वेड. मधल्या सुट्टीत आम्ही एकच अंक दोघांनी मिळून वाचायचो आणि पान उलटण्यावरून भांडायचो. खेळात मी वेताळ व्हायचो. तो व्हायचा गुरन, बांडारांचा नायक, वेताळाचा बालमित्र. वेताळाला निरोप द्यायचा, डफ वाजवायचा, तो जखमी झाला की पाला बांधायचा.

चौथीच्या शेवटी एक दिवस तो अडून बसला.

'मी काहून नेहमी गुरन बे?'

मी म्हणालो, 'कॉमिक माझं हाय म्हणून.'

हे उत्तर खोटं होतं. कॉमिक माझं होतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. तो सावळा होता, जंगलालगतच्या गावातून यायचा, त्याला झाडांची नावं माहीत होती. माझ्या डोक्यात तो चित्रातल्या बांडारांच्या बाजूला आपोआप जाऊन बसला होता. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. कॉमिकने फक्त जागा आखून दिली होती, आणि त्या जागांवर कोणाला बसवायचं हे मी आजूबाजूला बघून ठरवलं होतं. वेताळ हे नाव इतकं आपलं होतं की तो गोरा आहे हे मला कधी दिसलंच नाही. आणि तो गोरा आहे हे न दिसल्यामुळे मी त्याच्या जागी बसू शकलो.

इथे कोणी म्हणेल, लहान मुलांच्या खेळाचं एवढं काय घेऊन बसलास? मी घेऊन बसलोय कारण त्यानंतर तो वेताळ-वेताळ खेळायला आला नाही.

फॉकच्या बाजूने

फॉकवर अन्याय व्हायला नको. तो १९९९ मध्ये वारला, तोपर्यंत म्हणजे त्रेसष्ट वर्षं फॅण्टम लिहीत होता, आणि जग बदललं तसा त्याने जंगलही बदललं. बंगाला स्वतंत्र देश झाला. त्याला लामांडा लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष मिळाला : पेशाने डॉक्टर, निवडून आलेला, लष्करी हुकूमशहाला तोंड देणारा. फॅण्टम त्याचा मित्र झाला, मालक राहिला नाही. नायिका डायना पामर संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी बाई आहे. त्या दोघांचं लग्न व्हायला १९७७ उजाडलं. सतराव्या फॅण्टमच्या वेळी काही काळ त्याच्या बहिणीने, ज्युलीने, मुखवटा चढवल्याची गोष्टही आहे. एकवीस पिढ्यांत एकदा, तीही बदली म्हणून. पण आहे.

आणि वाचक काय करतात ते लेखकाच्या हातात नसतंच. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, वाह्गी खोऱ्यातल्या लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर फॅण्टम रंगवला. अशा ढाली आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. ज्यांना कॉमिकने डफ वाजवायच्या जागी बसवलं असतं, त्यांनी 'न मरणारा' माणूस सरळ स्वतःच्या ढालीवर घेतला. मी लहानपणी जे केलं तेच त्यांनी केलं, फक्त त्यांना कोणाला गुरन करावं लागलं नाही.

मुखवटा नसलेला

इंद्रजालच्या ट्रंकेतच या प्रश्नाचं एक दुसरं उत्तर होतं, ते मला उशिरा सापडलं. १९७६ मध्ये आबिद सुरती या मुंबईकर लेखक-चित्रकाराने इंद्रजालसाठी 'बहादूर' लिहिला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर चंबळच्या मुलखातला, डाकूचा मुलगा. अंगात भगवा कुडता, खाली जीन्स, तोंडावर मुखवटा नाही.

दोघांची सुरुवात शेजारी ठेवून बघा. फॅण्टमचा बाप चाच्यांनी मारला. मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि ती शपथ एकवीस पिढ्यांच्या मानेवर बसली. बहादूरचा बाप पोलिसांच्या गोळीने मेला. मुलगा आधी सूडाच्याच वाटेने निघाला होता, पण बापाने काय केलं होतं हे समजल्यावर त्याने तो सूड सोडला. त्याने गावकऱ्यांचं दल उभं केलं. नागरिकांनीच नागरिकांचं रक्षण करायचं. फॅण्टमच्या जंगल पहाऱ्यातल्या सैनिकांना आपला सेनापती कोण हे माहीत नसतं. हुकूम गुपचूप तिजोरीत येतात. बहादूर मात्र ज्यांच्याबरोबर लढतो त्यांच्याबरोबर जेवतो.

बहादूरच्या गोष्टी फॅण्टमइतक्या रंगतदार नाहीत हे कबूल केलं पाहिजे. साय बॅरीने काढलेल्या फॅण्टममधला काळा रंग, रात्र, पाणी, घोड्याची मान, ही चित्रं मी आजही नुसती बघत बसतो. बहादूर त्यामानाने सरळसोट आहे, उपदेशही करतो. पण त्यात एकाच गोऱ्या माणसाला सगळं सांभाळावं लागत नाही.

उत्तर

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तो मित्र भेटला. तो आता वनरक्षक आहे, पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला. रोज पायी गस्त घालतो. बीटमधल्या गावांत त्याला सगळे नावाने ओळखतात, त्याचा फोन नंबर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला आहे. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी ट्रंक खाली काढली आणि त्याला चौथीतली गोष्ट आठवते का विचारलं. त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

मग मी त्याला या लेखातलं सगळं सांगितलं. आरवलीच्या चपलांचं सांगितलं. म्हणालो, पहिला वेताळ किनाऱ्याला लागला तेव्हा अर्धमेला होता. बांडारांनी त्याला उचललं, पाजलं, जगवलं. तो माणूस आहे, मरतो, हे गुपित त्या जंगलात फक्त त्यांना माहीत आहे आणि चारशे वर्षं त्यांनी ते फोडलेलं नाही. डफ तेच वाजवतात, म्हणजे अफवा तेच पसरवतात. गुहेच्या दाराशी विषारी बाण घेऊन तेच उभे असतात. वेतोबा रात्री चालतो, पण चपला गाव शिवून देतं. तसंच हे आहे. गुरन नसता तर वेताळ पहिल्याच दिवशी मेला असता. फॉकने हे स्वतःच लिहून ठेवलंय. रीलवाल्याला सांगायचं तर अकरावी गोष्ट ही : फॅण्टमची शक्ती त्याची नाही, बांडारांची आहे.

मला वाटलं होतं, तो खूश होईल. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'म्हंजे काम सारं आमच्याकडंच, अन् घोडा त्याच्याकडं.'

यावर माझ्याकडे काही नव्हतं. खरं तर पूर्ण लेखात मी जे म्हणतोय ते त्याने एका वाक्यात संपवलं. नाव बदलून, देव करून, किंवा गुरनचं महत्त्व पटवून देऊन त्या गोष्टीतला घोडा हलत नाही. तो हलवायचा तर गोष्टच दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवी.

निघताना त्याने ट्रंकेतले दोन अंक उचलले, एक वेताळाचा आणि एक बहादूरचा, त्याच्या दुसरीतल्या मुलीसाठी. आठवड्याने त्याचा फोन आला. बहादूर तिला आवडला नाही म्हणाला, त्यात वाघ-सिंह नाहीत. वेताळ आवडला. घरभर ओढणी बांधून फिरतेय.

'तू काय झालास मग?' मी विचारलं.

'काय होतो,' तो म्हणाला. 'पोरीनं मलेच गुरन केलं बे.'

तो हसत होता.